जाळीच्या टोपलीतले आलू

शाळा सुटल्यावर गाडीवरचा गरमागरम आलुबोंडा खाल्ला नाही, असे मूल अकोला-अमरावतीत शोधूनही सापडायचे नाही! पुण्या-मुंबईची मंडळी त्याला बटाटेवडा म्हणतात. म्हणोत बापडी. आपला आलुबोंडा तो आलुबोंडाच.

आता पुढच्या वेळी बोंडा फोडाल तेव्हा गाडीवाल्या काकांना एक प्रश्न विचारून बघा. "काका, हा आलू कुठला?" ते म्हणतील, "मंडीतला." आणि मंडीत जाऊन विचारलेत तर उत्तर मिळेल, इंदूरकडचा, नाहीतर थेट आग्र्याकडचा! म्हणजे शेकडो किलोमीटर ट्रकमध्ये बसून हे आलूमहाशय आपल्या कढईत उडी मारायला येतात. आपल्या वऱ्हाडात कापूस होतो, तूर होते, सोयाबीन होते, वरुड-मोर्शीची संत्री तर देशभर जातात. आलू घेणारे शेतकरीही आहेत, नाहीत असे नाही. पण आपल्या बाजारातला बहुतेक आलू बाहेरचाच. ज्या घरी कापसाच्या गाड्या भरून जातात, त्याच घरची आजी आठवडी बाजारातून पिशवीभर आलू विकत आणते.

असे का बरे? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आपण आज एक गमतीची वस्तू बनवणार आहोत. तारेच्या जाळीची टोपली! तिच्यात आलू पिकतात. पण आधी आलूचा स्वभाव समजून घ्यायला हवा, नाहीतर टोपली होईल, आलू होणार नाहीत.

आलू हा मूळचा थंड डोंगरातला गडी. दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाची प्रचंड पर्वतरांग आहे. तिथे पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर टिटिकाका नावाचे सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३८०० मीटर उंचीवर. आपण चिखलदरा केवढा उंच, केवढा उंच म्हणतो ना? तो ११०० मीटरच्या आसपास! त्या टिटिकाकाच्या परिसरातल्या लोकांनी सात-आठ हजार वर्षांपूर्वी रानटी आलूला माणसाळवले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पुढे पोर्तुगिजांच्या गलबतांतून तो आपल्याकडे आला. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगिजांकडूनच आलेला आहे, बरं का!

आणि आलू म्हणजे मूळ नव्हे हं. गाजर, मुळा ही मुळे. आलू आहे खोड! खोटे वाटते? आलूवरचे 'डोळे' बघा. तो प्रत्येक डोळा म्हणजे एक कळी आहे. कळ्या खोडावर असतात, मुळावर नाही. आलूच्या झाडाला जमिनीखाली आडव्या, पांढऱ्या, दोऱ्यासारख्या फांद्या फुटतात आणि त्या फांद्यांची टोके फुगून आलू तयार होतात. ती फुगायला मात्र थंड रात्र लागते. रात्रीचे तापमान २० अंशांच्या खाली असेल तर आलू छान धरतात. रात्री उकडायला लागले की वर पाला नुसता माजतो आणि खाली काही नाही!

आता आपल्या अकोल्याची हवा आठवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर. तेव्हा आलू लावणे म्हणजे बर्फाचा गोळा उन्हात वाळत घालण्यासारखे आहे. पण हाच पारा डिसेंबर-जानेवारीत रात्री १५ अंशांच्या खाली उतरतो आणि सकाळी शाळेत जाताना दात कडकड वाजतात. तेवढीच आलूची खिडकी! दिवाळीनंतर ती उघडते आणि होळीच्या आधी बंद होते.

हे झाले हवेचे. दुसरी अडचण आपल्या काळ्या मातीची. वऱ्हाडची काळी कसदार जमीन कापसासाठी नावाजलेली. पण ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात त्या भेगांत तुमचा चेंडू गेला असेल, तर तुम्हाला जास्त सांगायला नकोच. ओली असताना चिकट, वाळल्यावर दगड. अशा मातीत आलूला गोल व्हायला जागा कुठून मिळणार? तो वेडावाकडा होतो आणि काढताना फावड्याने निम्मे आलू कापले जातात.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत एक लांबच लांब पट्टा आहे, खारपाणपट्टा. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या बाजूंना ज्यांची घरे आहेत, त्यांना हा शब्द शिकवावा लागत नाही. तिथे जमिनीखालचे पाणीच खारे! विहीर खणली तर खारे, बोअर मारली तर खारे. खाली खोलवर गाळाची जमीन आहे, पाण्याचा निचरा नीट होत नाही आणि क्षार साचून राहतात. घरात नळ येईपर्यंत कित्येक आयाबायांचे आयुष्य गोड्या पाण्यासाठी वणवण करण्यातच गेले.

माती किती खारट आहे, हे मोजायला शास्त्रज्ञांचे एक माप आहे. त्या मापावर आकडा ७.७ पर्यंत चढला तरी कापूस तक्रार करत नाही. आलू मात्र १.७ ओलांडला की कुरकुरायला लागतो. म्हणजे ज्या पाण्यावर कापूस तग धरतो, त्यावर आलू उपाशी मरतो. कारण माती खारट असली की मुळांना पाणी ओढताच येत नाही. पाण्यात उभे राहून तहानलेले!

माझी पहिली टोपली अशीच गेली. खारपाणपट्ट्यातल्या गावी, घराच्या मागे मोठ्या हौसेने टोपली उभी केली होती. शेजारच्या आजींनी कुंपणावरून डोकावून विचारले, "काहून भाऊ, जायीत कुठी आलू येत असते काय?" मी ऐटीत म्हणालो, "बघाच आजी!" महिनाभर झाडे टरारली. पाणी कुठले घालत होतो, तर हाताशी असलेल्या बोअरचे. नाताळच्या सुट्टीपर्यंत पानांच्या कडा करपल्या, जणू कुणी उदबत्तीने जाळल्या असाव्यात. टोपलीच्या बाहेरच्या पोत्यावर पांढरी पुटे चढली. बोटाने चाटून पाहिले, तर खारट! त्या टोपलीतून निघाले गोट्यांएवढे सात-आठ आलू. आजी हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाल्या, "घरातलं गोडं पानी टाकून पाह्य."

आणि खरी युक्ती तीच होती. शेताला गोडे पाणी पुरवता येत नाही. टोपलीला पुरवता येते! जमीन बदलता येत नाही. टोपलीतली माती मात्र आपण आपल्या हाताने कालवू शकतो. टोपलीचे सगळे महत्त्व यातच आहे.

चला, टोपली करू या. कोंबड्यांच्या खुराड्याला किंवा कुंपणाला लावतात ती जाळी घ्या. नवीनच हवी असे नाही, भंगारवाल्याकडची चालेल. आपल्याला दोन फूट म्हणजे ६० सेंटिमीटर व्यासाची टोपली हवी. किती लांब जाळी लागेल? वर्तुळाचा परीघ काढायचे सूत्र आठवा! ६० ला ३.१४ ने गुणा. १८८ सेंटिमीटर आले ना? टोके एकमेकांवर यायला थोडी जास्त, म्हणजे दोन मीटर धरा. उंची अडीच फूट पुरे. जाळीची गुंडाळी करून टोके बारीक तारेने बांधायची. बांधकामावर सळया बांधायला वापरतात ती तार उत्तम. मात्र गाठी अशा मारा की पुढे पकडीने सहज सोडता येतील. जाळी कापायचे काम आई-बाबांना किंवा दादाला सांगा. कापलेली टोके फार वाईट बोचतात. ती आत वळवून घ्या.

जाळी मिळाली नाही तर? तुराट्या आहेतच की! तुरीच्या काड्यांचा किंवा पऱ्हाटीचा कुड आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विणला जातो. तसाच गोल कुड विणला की झाली टोपली, बिनबुडाच्या कणगीसारखी.

जागा निवडताना सकाळचे ऊन भरपूर आणि दुपारनंतर सावली अशी बघा. तळाशी चार बोटे गिट्टी पसरा. हे का, ते सांगतो. कंदिलाच्या वातीतून रॉकेल कसे वर चढते? तसेच जमिनीतले खारे पाणी मातीच्या बारीक बारीक फटींतून वर चढते. गिट्टीत मोठ्या पोकळ्या असतात. तिथे ही चढण तुटते. शिवाय जास्तीचे पाणी खाली निघून जाते ते वेगळेच.

परदेशात अशा टोपल्यांना आतून नुसते गवत लावतात. आपल्याकडे तेवढ्याने भागत नाही. आपली हवा इतकी कोरडी की चारी बाजूंनी टोपलीतले पाणी पिऊन टाकते. म्हणून जाळीला आतून जुने बारदान लावा, दुहेरी असले तर फारच छान. मग त्यात भर घाला. एक भाग नदीकाठची हलकी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग कुजलेला पालापाचोळा किंवा कुटार. शेणखत ताजे नको हं, ते आतून तापते आणि बियाणे शिजवते! मूठ-दोन मूठ लिंबोळी पेंडीचा चुरा मिसळलात तर उधईचा त्रास कमी होतो. उधईला कुटार म्हणजे आपल्याला आलुबोंडा!

आता बियाणे. आलूचे बी म्हणजे आलूच. पण घरातल्या कांदे-बटाट्यांच्या टोपलीतला कुठलाही उचलून लावू नका. त्यात रोग लपलेले असू शकतात. बियाण्याचे आलू कृषी केंद्रावर मागा. पिशवीवर कुफरी ज्योती, कुफरी पुखराज अशी नावे दिसतील. हे 'कुफरी' काय प्रकरण आहे? शिमल्याजवळ कुफरी नावाचे ठिकाण आहे. शिमल्यात केंद्रीय बटाटा संशोधन संस्था आहे. १९४९ मध्ये ती पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ मध्ये शिमल्याला गेली. तिथल्या वाणांच्या नावाआधी कुफरी लागते. १९७२ च्या सुमारास त्यांनी आपल्या दख्खनच्या पठारासाठी, लवकर तयार होणारा एक वाण दिला. त्याचे नाव काय असेल? 'कुफरी लवकर'! हिमालयात बसलेल्या शास्त्रज्ञांच्या वाणाला चक्क आपला शब्द. उष्ण हवा सोसणारा 'कुफरी सूर्या' हाही वाण आहे. तो मिळाला तर सोडू नका.

कोंबडीच्या अंड्याएवढे अख्खे आलू निवडा. मोठे आलू कापून लावतात खरे, पण आपल्याकडची माती दिवाळीच्या सुमारास अजून कोमट असते आणि कापलेले तुकडे सडतात. निवडलेले आलू दोन आठवडे उजेडात, पण उन्हाच्या बाहेर, पसरून ठेवा. जाड, आखूड, जांभळट-हिरवे मोड आले की लावायला तयार. मोड आलेच नाहीत तर रागावू नका. नुकताच काढलेला आलू दोन-तीन महिने गाढ झोपतो. त्याला उठवून उपयोग नसतो.

कापसाची सीतादही झाली, दिवाळीचे फटाके संपले, रात्री अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटू लागले, की मुहूर्त आला असे समजा. टोपलीत फूटभर भर घालून त्यावर चार आलू मोड वर करून ठेवा आणि वर चार बोटे भर पसरा. झाडे वीतभर झाली की पुन्हा भर घाला, शेंडे तेवढे बाहेर ठेवा. पुन्हा वाढली की पुन्हा घाला. टोपली काठोकाठ येईपर्यंत असे दोन-तीनदा करायचे. आलू अंधारात राहावेत म्हणून ही धडपड. उजेड लागला की ते हिरवे होतात आणि हिरव्या आलूत सोलॅनिन नावाचे विष तयार होते. असा आलू घरात दिसला तर आईला दाखवा, खाऊ नका. आलूच्या झाडाला कधी कधी छोट्या टोमॅटोसारखी हिरवी फळे लागतात. तीही विषारी, तोंडात घालायची नाहीत. वांगे, टोमॅटो, मिरची आणि धोतरा हे सगळे आलूचे चुलतभाऊ आहेत. आता भावांत एखादा असा निघायचाच!

पाणी रोज तीन-चार लिटर, म्हणजे एक लहान कळशी. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी एका बादलीत साठवत गेलात तर बरेचसे त्यातच भागते. साबणाचे नको, मिठाचे नको. आणि आजकाल गावोगावी पाणी शुद्ध करणारी आरओ यंत्रे आहेत. त्यांच्या नळीतून जे पाणी वाहून जाते, ते फुकट जाते म्हणून टोपलीत ओतायचा मोह होईल. ओतू नका! यंत्राने आपल्या पाण्यातले सगळे क्षार काढून त्याच पाण्यात ढकललेले असतात. ते मूळ पाण्याहून अधिक खारे.

आता एक गंमत. एका टोपलीत आलूंचे थरावर थर लावा आणि ५० किलो आलू काढा, असे छातीठोकपणे सांगणारे लोक तुम्हाला भेटतील. विश्वास ठेवायचा का? आपण गणित करून बघू. आपल्या देशात एक हेक्टर शेतातून सरासरी २५ टनांच्या आसपास आलू निघतात. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. म्हणजे एका चौरस मीटरला अडीच किलो. आपली टोपली किती जागा व्यापते? त्रिज्या ०.३ मीटर, तिचा वर्ग ०.०९, गुणिले ३.१४, झाले ०.२८ चौरस मीटर. त्याचे आलू सुमारे ७०० ग्रॅम! पण थांबा, निराश होऊ नका. पाला टोपलीच्या काठावरून बाहेर झुकतो. मीटरभर रुंद पसरला तर तो ०.७८ चौरस मीटर ऊन झेलतो. म्हणजे साधारण दोन किलो. फार निगा राखली तर आणखी थोडे. ५० किलो कुठून येणार, तुम्हीच सांगा!

टोपली उंच केली म्हणून ऊन काही वाढत नाही. आलूतला सगळा पिठूळपणा पानांनी उन्हात शिजवलेला असतो. जेवढी पाने उन्हात, तेवढाच स्वयंपाक. हा हिशेब महाराष्ट्राला समजावून सांगणारे एक मोठे गृहस्थ होऊन गेले, कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर. ते होते गणिताचे प्राध्यापक! त्यांनी शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला. पानांचे क्षेत्रफळ आणि मिळणारे ऊन यांचा हिशेब मांडून शेती करा, असे ते सांगत. दहा गुंठ्यांत पाच माणसांच्या कुटुंबाचे भागले पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. १९८५ मध्ये त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला, २००१ मध्ये ते गेले. घरातला पालापाचोळा, सांडपाणी आणि ऊन ही आपली संपत्ती आहे, असे मानणाऱ्या या माणसाला आपली बारदानाची टोपली नक्कीच आवडली असती, असे मला वाटते.

वाढीच्या दिवसांत दोन शत्रूंवर लक्ष ठेवा. पानांच्या मागे चिकटलेला मावा दिसला तर पाण्याचा फवारा मारून झाडून टाका. आणि आभाळ दोन-तीन दिवस गच्च भरून आले तर करपा येतो का बघा. काळपट डाग पडलेली पाने लगेच तोडून लांब नेऊन टाका. घुशीचे काय करायचे, ते मात्र मला अजून उमगलेले नाही. आमच्याकडे मांजर आहे, पण ते आळशी आहे.

तुमचे गाव खारपाणपट्ट्यात असेल आणि आपली माती किती खारट आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर बाबांबरोबर माती परीक्षणाला जा. अकोल्याचे कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाले. त्याला ज्यांचे नाव दिले आहे, ते डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे आणि १९५२ ते १९६२ या काळात देशाचे कृषिमंत्री होते. एवढ्या मोठ्या ठिकाणी जायचे म्हणून बुजू नका. तुमचा मातीचा नमुना आणि तुमचे प्रश्न, दोन्ही घेऊन जा.

लागवडीपासून ९० ते १०० दिवसांनी, म्हणजे फेब्रुवारीत, पाला पिवळा पडून लोळू लागतो. तेव्हा पाणी दहा दिवस बंद करा. आणि मग येतो तो दिवस! त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बोलवा, शेजारच्या आजींनासुद्धा. फावडे नको, कुदळ नको. पकडीने तारेच्या गाठी सोडायच्या, जाळी अलगद उलगडायची आणि बारदान बाजूला करायचे. भर भसकन खाली बसते आणि तिच्यातून पिवळे, गुळगुळीत, एकही न कापलेले आलू घरंगळत बाहेर येतात! लहान-मोठे सगळे वेचा. बारकी पोरे हाताने भर चाळत बसतात आणि कितीतरी वेळ "अजून एक! अजून एक!" चालू असते. माझ्या दुसऱ्या टोपलीचे आलू आमच्या घरी दोन वेळच्या भाजीला पुरले आणि चार आजींच्या पदरात पडले. त्यांनी एक नखाने खरवडून पाहिला, हुंगला आणि म्हणाल्या, "आलूच हाय बाप्पा!"

काढलेले आलू लगेच धुवू नका. आठवडाभर सावलीत, हवेशीर जागी पसरा, साल घट्ट होते आणि ते टिकतात. टोपलीतली भर फेकायची नाही. तिच्यात मेथी-पालक मस्त येतो. फक्त आलू, वांगी किंवा टोमॅटो त्याच भरीत पुन्हा लावू नका, एकाचे रोग दुसऱ्याला लागतात. आणि जाळी पुसून, गुंडाळून, गोठ्यात उंच खुंटीला टांगून ठेवा. पुढच्या दिवाळीला ती लागेलच.